ते इथलंच आहे : हळदीकुंकू बदकाची ओळख

डिसेंबर उजाडला की भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी पहाटेपासून गाड्या लागतात. रोहित किती आले, पट्टकादंब दिसले का, याची चौकशी चहाच्या टपरीवरच सुरू होते. होडीत बसलं की सगळ्यांच्या दुर्बिणी लांबवर रोखलेल्या असतात. अशाच एका सकाळी होडीच्या अगदी जवळून चार तपकिरी बदकं निवांत पोहत गेली. सोबतच्या एका मुलाने विचारलं, "काका, ही कोणती?" होडीवाल्याने हात न थांबवता उत्तर दिलं, "ते होय, हळदीकुंकू. ते इथलंच आहे." आणि होडी पुढे गेली.

'इथलंच आहे' म्हणजे बघण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ. पक्षी बघणाऱ्यांची ही जुनी सवय आहे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याचं कौतुक जास्त. त्यात गैर काही नाही, पण त्यामुळे वर्षभर आपल्या तळ्यात राहणारं, इथेच अंडी घालणारं आणि इथेच पिल्लं वाढवणारं हे बदक बघायचं राहून जातं. माझीही बरीच वर्षं तशीच गेली. आज त्याचीच गोष्ट.

नाव कसं पडलं हे चोच पाहिली की लगेच कळतं. चोच काळी, टोक हळदीसारखं पिवळं, आणि चोचीच्या मुळाशी, कपाळाच्या दोन्ही बाजूंना, एकेक तांबडा ठिपका. कुंकवाच्या बोटासारखा. शास्त्रीय नाव आहे अनास पोसिलोऱ्हिंका. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थही 'रंगीबेरंगी चोचीचं' असाच होतो. १७८१ साली योहान राइनहोल्ड फोर्स्टर या जर्मन निसर्गअभ्यासकाने हे नाव दिलं. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत जहाजावर असलेला फोर्स्टर तो हाच. फोर्स्टरला चोच रंगीत दिसली, आपल्या माणसांना तिथे हळदीकुंकू दिसलं. मला आपलं नाव जास्त आवडतं. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीला संपतं, याचं बारा महिने चालू असतं. आणि हो, कुंकू फक्त मादीला नसतं. नराचा ठिपका उलट मोठा आणि ठळक असतो. मादीचा लहान, फिकट, कधी कधी तर दिसतही नाही.

नवख्या माणसाची एक चूक इथेच होते. तो आधी कुंकू शोधतो आणि लांबून ते दिसत नाही. ओळख उलट्या क्रमाने करावी. पहिल्यांदा चोचीचं पिवळं टोक बघा. काळ्या चोचीवर ते बऱ्याच अंतरावरून उठून दिसतं. मग बाजूने बघा. बसलेल्या किंवा पोहणाऱ्या बदकाच्या पाठीच्या मागच्या भागात, शेपटीच्या थोडं आधी, पांढरा पट्टा दिसतो. पंखाच्या आतल्या पिसांची ती पांढरी कड असते. दुर्बीण नसली तरी हा पट्टा ओळख पटवायला पुरतो. अंगावरची पिसं गडद तपकिरी आणि त्यांच्या कडा फिकट, त्यामुळे सगळं अंग खवल्यांचं वाटतं. डोकं आणि मान मात्र फिकट, राखाडी-भुरी. माथा गडद, आणि डोळ्यातून जाणारी एक गडद रेघ, काजळ लांब ओढल्यासारखी. पाय शेंदरी-लाल. उडालं की पंखावर हिरव्या रंगाचा चमकदार तुकडा आणि त्याच्या कडेने पांढऱ्या रेघा दिसतात. एवढं पाहिल्यावर मग चोच आपल्याकडे वळण्याची वाट बघा. कुंकू शेवटी दिसेल.

आकाराला ते घरच्या पाळीव बदकाएवढं भरतं. लांबी ५५ ते ६३ सेंटिमीटर, वजन पाऊण किलोपासून दीड किलोपर्यंत. हिवाळ्यात येणारी बरीच पाहुणी बदकं याच्यापुढे लहान दिसतात.

तळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या लेखी पाण्यावर तरंगणारं सगळंच बदक असतं. काळाभोर, पांढऱ्या चोचीचा वारकरी बदक नव्हे. तो पाणकोंबडीच्या कुळातला. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी इवलीशी टिबुकली तर आणखी वेगळ्या कुळातली. खऱ्या बदकांमध्ये घोटाळा होतो तो थापट्याच्या मादीशी, कारण तीही तपकिरी. पण तिची चोच पुढे उलथन्यासारखी पसरट असते, एकदा पाहिली की विसरत नाही. अडई त्याहून लहान, तांबूस, लांब मानेची, आणि उडताना शिट्टी वाजवते.

आवाजाची गंमत सांगायला हवी. पुस्तकातलं बदक 'क्वॅक क्वॅक' करतं तो आवाज खरं तर मादीचा. नराचा आवाज घोगरा, बसलेला, जवळ असलं तरच ऐकू येणारा. नराच्या श्वासनळीच्या खालच्या टोकाला हाडाचा एक फुगीर भाग असतो, आवाजातला फरक त्यामुळे पडतो. म्हणजे दिसायला जोडी सारखीच असली तरी कान दिले तर नर कोण, मादी कोण हे कळू शकतं.

जोडी सारखी का दिसते, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. थंडीत येणारे तलवार बदक किंवा थापट्या बघा. नर झगमगीत, मादी मातकट. त्या जातींत नर दर हिवाळ्यात नव्याने जोडीदार शोधतो आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे अंडी घालायला जातो. निवडीला वेळ कमी, स्पर्धा जास्त, म्हणून भडक पोशाख. हळदीकुंकवाला कुठे जायचं नसतं. जोडी बराच काळ सोबत राहते. अशा एका जागी राहणाऱ्या बदकांमध्ये नराला नटण्याची गरज कमी पडत असावी, असं शास्त्रज्ञांना वाटतं. मातकट रंगाचा एक फायदा तर उघडच आहे, गवतात बसलं की दिसत नाही.

खाण्याची पद्धत पाहायला सगळ्यात सोपी. हे बदक पाणकावळ्यासारखं पाण्याखाली बुडी मारून मासे पकडत नाही. पाण्यावर असतानाच डोकं आणि मान खाली खुपसतं, शेपटी आभाळाकडे करतं आणि पाय हलवत तोल सांभाळतं. मान पोहोचेल तेवढंच त्याचं ताट. म्हणजे त्याला लागतं ते उथळ पाणी, गुडघ्याएवढं किंवा त्याहूनही कमी. चोचीच्या आतल्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी आणि चिखल त्यातून गाळून बाहेर जातो, बी, कोंब, गोगलगायी, किडे आत राहतात. मुख्य आहार वनस्पतींचा. संध्याकाळी अंधार पडताना जोड्या तळ्यावरून उठतात आणि भातखाचरांत, ओल्या शेतांत चरायला जातात. दुपारी मात्र काठावर किंवा बेटावर एका पायावर उभं राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोप.

ती झोपही पुरती नसते. १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मॅलार्ड या याच्या जवळच्या नातेवाईक बदकावर एक प्रयोग केला आणि तो 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. बदकं ओळीने झोपवली, तेव्हा ओळीच्या दोन्ही टोकांची बदकं एक डोळा उघडा ठेवून झोपत होती, आणि तो उघडा डोळा बाहेरच्या बाजूचा होता. मेंदूचा अर्धा भाग झोपलेला, अर्धा पहाऱ्यावर. मधली बदकं मात्र बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपत. तळ्यावर बदकांचा थवा दुपारी दिसला तर कडेच्या बदकाचा डोळा दुर्बिणीतून बघा. बहुधा ते तुमच्याकडेच बघत असेल.

हे सगळं थंडीतही दिसतं. पण या बदकाच्या आयुष्यातला महत्त्वाचा काळ पावसाळ्यात असतो, आणि तेव्हा आपल्या दुर्बिणी कपाटात असतात. जुलैपासून पुढे, तळी भरली आणि काठावर गवत वाढलं की मादी घरट्याची जागा शोधते. घरटं झाडावर नाही आणि पाण्यातही नाही. ते काठावरच्या उंच गवतात, लव्हाळ्यात, जमिनीवर असतं. दबलेल्या गवताचा एक खळगा, त्यात पाणवनस्पतींची गादी आणि वर मादीने स्वतःच्या छातीची उपटलेली मऊ पिसं. त्यात साधारण ८ ते १२ फिकट अंडी. अंडी रोज एक अशी घातली जातात, पण मादी उबवायला बसते ती शेवटचं अंडं घातल्यावर. त्यामुळे पहिलं आणि शेवटचं पिल्लू जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतं. उबवण्याचा काळ सुमारे २४ दिवसांचा.

एकाच वेळी बाहेर येण्याला कारण आहे. चिमणीचं पिल्लू उघडं, आंधळं जन्मतं आणि घरट्यात बसून खातं. बदकाचं पिल्लू डोळे उघडे, अंगावर लव आणि चालते पाय घेऊन येतं. दिवसभरात मादी घरटं सोडते आणि सगळी रांग तिच्यामागे पाण्याकडे निघते. मागे राहील त्याच्यासाठी कुणी परत येत नाही. पिल्लाला तिच्यामागे जायचं कसं कळतं, याचा अभ्यास ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झ यांनी केला. अंड्यातून बाहेर आल्यावरच्या काही तासांत जे हलतं-बोलतं दिसेल ते पिल्लाच्या मनावर आई म्हणून ठसतं. मॅलार्डच्या पिल्लांसाठी लोरेन्झ स्वतः गवतात उकिडवे बसून बदकासारखा आवाज काढत चालत, आणि पिल्लं त्यांच्यामागे जात. प्राण्यांच्या वर्तनावरच्या संशोधनासाठी १९७३ साली त्यांना आणखी दोघांसोबत नोबेल मिळालं.

पहिले काही आठवडे पिल्लांना दाणे चालत नाहीत. अंग भरण्यासाठी प्रथिनं हवीत, आणि ती मिळतात पाणकिड्यांतून, अळ्यांतून, गोगलगायींतून. हे सगळं असतं काठाजवळच्या उथळ, गवताळ पाण्यात. वरून घार आली तर लपायलाही तेच गवत. उडता येईपर्यंत जवळपास दोन महिने जातात. त्यात मोठ्या बदकांचीही एक अडचण असते. विणीनंतर बदकं पंखांतली उडण्याची सगळी पिसं एकदमच टाकतात आणि नवी येईपर्यंत तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या काळात कुत्रं आलं, माणूस आला, तर एकच आसरा असतो, काठावरची दाटी.

आणि आपण नेमकं काय करतो? तळ्याचं सुशोभीकरण. काठाला दगडी पिचिंग, त्यावर जॉगिंग ट्रॅक, रेलिंग, दिवे, मध्ये कारंजं. पाणी राहतं, उलट वाढतंही, कारण गाळ काढून तळं खोल केलेलं असतं. पण काठाशी उथळ पाणी राहत नाही आणि गवत तर नाहीच. थंडीत अशा तळ्यावर दहा-वीस हळदीकुंकू तरंगताना दिसतात आणि आपल्याला वाटतं, बदकं आहेत की! आहेत, पण ती विश्रांतीला आलेली असतात. तिथे त्यांचं घर नसतं. एखाद्या तळ्यात बदकं आहेत का, हा प्रश्न अपुरा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे पिल्लं दिसतात का, हे विचारायला हवं.

काठावर आपण आणखी एक गोष्ट करतो, आणि ती पुण्य म्हणून करतो. बदकांना पाव, फरसाण, चुरमुरे टाकतो. पावात बदकाला लागणारं फारसं काही नसतं, पोट मात्र भरतं. उरलेला पाव पाण्यात कुजतो, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, तळाचा चिखल सडतो. अशा प्राणवायू नसलेल्या, सडक्या चिखलात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो. त्याच्या विषाने पक्ष्याचे स्नायू लुळे पडतात. आधी पंख, मग पाय, मग मान. मान धरता न आल्याने पाण्यावर असलेला पक्षी बुडून मरतो. राजस्थानातल्या सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो पक्षी मेले, तेव्हा बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने कारण दिलं ते याच विषाचं. तिथे पाव कारणीभूत नव्हता, सरोवर मोठं आणि कारणं वेगळी. पण आपल्या छोट्या, साचलेल्या तळ्यात सडण्याला हातभार लावायचं काही कारण नाही.

बर्ड फ्लूबद्दलही वाचक विचारतात. रानबदकं या विषाणूचे जुने वाहक आहेत. विषाणू त्यांच्या आतड्यात राहतो, विष्ठेतून बाहेर पडतो, आणि अनेकदा बदक स्वतः आजारी दिसतही नाही. कोंबड्यांमध्ये मात्र काही प्रकार हाहाकार करतात. भारतात एच-५-एन-१ पहिल्यांदा नोंदला गेला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांमध्ये. म्हणून तळ्यापासून लांब पळायची गरज नाही. दुर्बिणीतून बदक बघण्यात काही धोका नाही. मेलेला किंवा लुळा पडलेला पक्षी मात्र हाताने उचलू नये, मुलांना उचलू देऊ नये आणि पशुसंवर्धन किंवा वन खात्याला कळवावं. घरी कोंबड्या पाळणाऱ्याने तळ्याकाठच्या चिखलाचे बूट खुराड्यात नेऊ नयेत.

आता आमच्या गावच्या तळ्याबद्दल. तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मी पाण्याकडेच्या गवतातून चाललो होतो. पायापासून दोन हातांवर फडफड झाली आणि एक हळदीकुंकू गवतातून बाहेर पडलं. एक पंख जमिनीवर ओढत, कोलमडत ते पुढे जाऊ लागलं. मला वाटलं जखमी आहे, मी मागे गेलो. तीस-चाळीस पावलं त्याने मला नेलं आणि मग दोन्ही पंख नीट उघडून उडून गेलं. पंख मोडल्याचं सोंग होतं ते. मागे वळून बघितलं तर गवतात नऊ अंडी. मी तिथे थांबलो नाही. माणसाची पायवाट पडली की त्या वाटेने कुत्री येतात, कावळे तर बघतच असतात.

आठवड्याने गेलो तेव्हा काठ स्वच्छ होता. गणपती तोंडावर आले की विसर्जनासाठी काठ साफ करायची पद्धत जुनी आहे, त्यात कुणाचा दोष काढण्यासारखं नाही. गवत कापणारे दोघे अजून तिथेच डबा खात होते. विचारलं तर एक म्हणाला, "होती ना अंडी. फुटू नयेत म्हणून झाडाखाली ठेवली, सावलीत." खरंच, बाभळीखाली पाल्यावर नऊच्या नऊ अंडी नीट मांडून ठेवलेली होती. मुंग्या लागल्या होत्या. त्या माणसाला त्याच्या परीने जे योग्य वाटलं ते त्याने केलं होतं. मी त्याला काही बोललो नाही. कायदा म्हणून सांगायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या बदकाला आणि त्याच्या अंड्यांनाही संरक्षण आहे, पण त्या वेळी तिथे कायदा काढून काय मिळणार होतं?

पुढच्या वर्षी जुलैतच आम्ही चार-पाच जण मुकादमाला भेटलो. विसर्जन पूर्वेच्या घाटावर होतं, पश्चिमेच्या ओढ्याकडच्या काठाला कुणी जात नाही. तिकडचं गवत दिवाळीपर्यंत ठेवता येईल का, एवढंच विचारलं. त्याने थोडा विचार केला. "तिकडं कापलं नाही तर मजुरी माझी वाचते," म्हणाला, "पण कुणी तक्रार केली तर तुमचं नाव सांगीन." आम्ही सांगा म्हणालो. तक्रार आली, साप निघतील म्हणून. साप निघतातही, पाणदिवड, बिनविषारी. तक्रार करणाऱ्या आजोबांना एका सकाळी दुर्बीण हातात दिली. त्यांनी पाचेक मिनिटं ओढ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "ते टोक पिवळं आहे तेच का?" पुढच्या वेळी ते स्वतःच आले, नातवाला घेऊन.

त्या पहिल्या वर्षी काहीच दिसलं नाही. या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गवतातून मादी बाहेर आली आणि तिच्यामागे सात पिल्लं, काळपट-पिवळी, एकमेकांना चिकटून. दहा दिवसांनी पाच होती. पिल्लांच्या बाबतीत हा हिशोब असाच चालतो, घार, कावळे, कुत्री, सगळ्यांना खायचं असतं. ऑक्टोबरच्या अखेरीस गेलो तेव्हा चार होती आणि आकाराने आईच्या जवळपास आली होती. चोचीची टोकं पिवळी व्हायला लागली होती. कुंकू अजून उमटलं नव्हतं. मी बघत असताना आजोबांच्या नातवाने मोठ्याने आकडा मोजला, मादीने मान ताठ केली आणि पाचही जणं गवतात शिरली.